जुनं तैलचित्र की कार्टूनचं मूळ पान? शनिवारी लिलाव आहे, पैसे एकापुरतेच

स्टॅमफर्डकर
मंडळी, चित्रकलेतलं मला काडीचं कळत नाही हे आधीच कबूल करून टाकतो.

कनेटिकटमध्ये आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक छोटं लिलावघर आहे. म्हातारं माणूस गेलं आणि मुलं दूरच्या राज्यात असली की त्या घरातलं फर्निचर, चांदीचे चमचे, गालिचे, भिंतीवरच्या फ्रेमा असं सगळं इथे येतं. येत्या शनिवारच्या यादीत एक विभाग आहे: 'अमेरिकन चित्रं आणि व्यंगचित्रांची मूळ रेखाटनं'. काल प्रत्यक्ष बघायला जाऊन आलो. दोन वस्तूंवर जीव जडलाय.

पहिली : तैलचित्र, साधारण १२ बाय १८ इंच. नदी, पाण्यात उतरलेल्या तीन गाई, मागे पिवळसर संध्याकाळ. सही नाही. यादीत 'अमेरिकन स्कूल, १९वं शतक' असं लिहिलंय (मला आधी वाटलं शाळेतल्या पोरांनी काढलं की काय). अंदाजे किंमत ४०० ते ६०० डॉलर.

दुसरी : शाईने काढलेलं एका चौकटीचं व्यंगचित्र. खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ. गृहस्थ खुर्चीत ब्लँकेट घेऊन बसलाय आणि दाराशी कुत्रा तोंडात पट्टा धरून उभा. खाली पेन्सिलीत मालकाचं वाक्य, त्याचा अर्थ साधारण 'अर्ज विचाराधीन आहे' असा. अंदाज १५० ते २५०. चित्रकाराचं नाव सांगत नाही, तुमच्यातलाच कोणी ऑनलाइन बोली चढवायचा.

घरून मंजूर झालेली रक्कम ५००. दोन्ही येणार नाहीत. कुठलं घेऊ?

आगाऊ_आजी
कुत्रा घे. गाई बघायला इथे ये की, आमच्या गल्लीत सात आहेत.

रोकडा
दोन्ही नको. ५०० डॉलर इंडेक्स फंडात टाक. चित्रांचा बाजार हा श्रीमंतांचा पत्त्यांचा डाव आहे. आज मी तुझं चढवतो, उद्या तू माझं चढव. आपण मधल्या मध्ये चहा आणून देणारे.

मठ्ठ_मांजर
"घरून मंजूर झालेली रक्कम" याला +१. विचाराधीन अर्ज नक्की कुणाचा आहे ते कळलं.

शून्य_शिल्लक
चित्राचं नंतर, आधी हिशोब. ५०० मंजूर म्हणजे तू ५०० पर्यंत बोली लावू शकतोस असं नाही. हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावघर आपलं कमिशन लावतं, बहुतेक ठिकाणी ते पाव हिश्श्याच्या आसपास असतं. ऑनलाइन बोली लावलीस तर आणखी थोडं. त्यावर तुमच्या राज्याचा विक्रीकर ६.३५ टक्के. म्हणजे तुझी खरी मर्यादा हातोड्याला ३७५. गाईंचा अंदाजच ४०० पासून सुरू होतो, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटला.

अवांतर : तुमच्या भागात कार्टूनची एवढी मूळ पानं का निघतात याचं एक कारण करातही आहे. महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या मासिकांसाठी आणि सिंडिकेटसाठी (एकच चित्रपट्टी अनेक वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या कंपन्या) काम करणारे व्यंगचित्रकार फेअरफील्ड काउंटीत झुंडीने राहायला आले. आगगाडीने तासाभरात मॅनहॅटन, आणि १९९१ पर्यंत कनेटिकटमध्ये पगारावर राज्याचा प्राप्तिकर नव्हता. 'बीटल बेली' ही चित्रपट्टी काढणारा मॉर्ट वॉकर तिथलाच. १९७४ मध्ये ग्रिनिचला त्याने कार्टूनचं संग्रहालयच काढलं होतं.

बोरूबहाद्दर
शून्य_शिल्लक, हिशोब झाला असेल तर जरा कागदाकडे बघू या.

मी जे.जे.च्या कमर्शियल विभागातून बाहेर पडलो त्याला पन्नास वर्षं होत आली. मासिकांची रेखाटनं आणि मुखपृष्ठं करण्यात आयुष्य गेलं. तेव्हा स्टॅमफर्डकर, शनिवारी जाताना भिंग ने आणि कुत्र्याच्या चित्रात या गोष्टी बघ.

शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा दिसतात का? छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसायचा नाही, म्हणून कच्चं रेखाटन निळ्यात करायचं, वर शाई फिरवायची, खोडायची गरज नाही. छापलेल्या अंकात त्या रेषा कधीच नसतात, मूळ पानात असतात. मग पांढऱ्या रंगाचे डाग बघ. जिथे हात चुकला तिथे पांढरा लावून वर पुन्हा रेघ ओढलेली असते, तिरप्या उजेडात ती किंचित उचललेली दिसते. कुठे वेगळ्या कागदाचा तुकडा चिकटवलाय का? समासात संपादकाने मापं, तारीख, 'एवढ्या रुंदीत बसवा' असं काही खरडलंय का? मागच्या बाजूला शिक्का आहे का? रबर सिमेंटने चिकटवलेलं असेल तर तिथे तपकिरी डाग पडलेला असणार, तो डाग बघून घाबरू नकोस, उलट खूश हो.

यातलं काहीही नसेल आणि सगळ्या काळ्या जागा एकसारख्या सपाट काळ्या असतील, तर तो छापील कागद समज आणि घरी ये. ब्रशने भरलेला काळा कधीच सपाट नसतो, एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेला करडा होतो.

गाईंबद्दल : तैलचित्र उलटं करून बघायला माग. कॅनव्हासच्या मागे दुसरा कॅनव्हास चिकटवलाय का, खिळे गंजलेत का, चौकटीवर जुन्या दुकानाचं लेबल आहे का. त्यांच्याकडे अल्ट्राव्हायोलेट दिवा असतोच, तो मारायला सांग. नंतर कोणी रंग भरले असतील तर ते ठिपके गडद दिसतात. आणि यादीतली भाषा नीट वाच. 'अमुकचं' म्हणजे त्याचं. 'अमुकचं मानलेलं' म्हणजे बहुधा त्याचं. 'अमुकच्या शैलीतलं' म्हणजे त्याचं नाही, पण आम्हाला ते नाव वापरायचंय. 'अमेरिकन स्कूल' म्हणजे कुणाचं ते आम्हालाही माहीत नाही. हे शेवटचं त्यातल्या त्यात प्रामाणिक.

कोकणी_कावळा
काका, दंडवत. हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतोय.

रोकडा
छान. म्हणजे चुका, डाग आणि गोंद यांचे पैसे द्यायचे.

बोरूबहाद्दर
हो. बिनचुकीची प्रत हवी असेल तर जुना अंक घ्या, स्वस्त पडतो.

गोठलेली_गोदा
बोरूबहाद्दर काका, छापील कागद ओळखता येतो. पण चित्रकारानेच नक्कल केली तर? आमच्या व्हरमाँटमधली गोष्ट सांगते. चित्र आणि कार्टून दोन्ही यात आहेत, धाग्याला चपखल बसते.

मासिकांच्या मुखपृष्ठांसाठी गाजलेला चित्रकार नॉर्मन रॉकवेल १९३९ ते १९५३ इथल्या आर्लिंग्टन गावात राहायचा. त्याच्या आसपास कलाकारांचा गोतावळा, त्यात डॉन ट्रॅक्टी नावाचा व्यंगचित्रकार. 'हेन्री' नावाचा टकला, न बोलणारा पोरगा आठवतो का कुणाला? त्याची रविवारची पट्टी हा काढायचा. १९६० च्या सुमारास या ट्रॅक्टीने रॉकवेलचं एक चित्र ९०० डॉलरला विकत घेतलं. १९५४ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलेलं. नवा सूट घालून कॉलेजला निघालेला मुलगा आणि त्याचा शेतकरी बाप जुन्या ट्रकच्या पायरीवर बसून गाडीची वाट बघतायत. मुलगा गाडी येईल त्या दिशेला बघतोय, बाप दुसरीकडेच, हातात दोघांच्या टोप्या. आणि त्यांच्या कॉली कुत्र्याने मुलाच्या मांडीवर हनुवटी टेकवलीय. घर सोडून आलेल्या माणसाने ते चित्र फार वेळ बघू नये.

ते ट्रॅक्टीच्या घरात टांगलेलं असायचं. पुढे नवराबायको वेगळे झाले, वस्तूंची वाटणी झाली, हे चित्र त्याच्याकडेच राहिलं. म्हातारपणी त्याने ते स्टॉकब्रिजच्या रॉकवेल संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिलं. जाणकारांना खटकत होतं, मुलाचा चेहरा मुखपृष्ठाशी जुळेना, रंग फिके. सगळ्यांनी समजूत करून घेतली की मध्ये कधीतरी कोणी वाईट साफसफाई केली असावी. २००५ मध्ये ट्रॅक्टी वारला, वय ८९. मुलांच्या डोक्यातून ती शंका जाईना. २००६ च्या मार्चमध्ये वडिलांच्या स्टुडिओतल्या लाकडी भिंतीत एक फट दिसली, फळी ओढली तर भिंत सरकली. आत खरं चित्र! ट्रॅक्टीने घटस्फोटाच्या सुमारास हुबेहूब नक्कल करून ती बाहेर टांगली होती आणि मूळ भिंतीत सरकवलं होतं. बायकोला पत्ता नाही, मुलांना नाही, संग्रहालयाला तर नाहीच. नुसतं हेच चित्र नाही, आणखीही काही चित्रांच्या नकला केलेल्या निघाल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सदबीज या बड्या लिलावघराच्या न्यूयॉर्कच्या लिलावात खरं चित्र १ कोटी ५४ लाख डॉलरला गेलं.

मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापलेली पाहिली आहेत. फरक डोळ्यांत आहे. खऱ्यातला पोरगा गाव सोडायला आतुर झालाय. ट्रॅक्टीचा पोरगा नुसताच बसलाय.

आगाऊ_आजी
बाई गं. आणि आमचे हे दिवाळी बोनस डब्यात लपवायचे तर दुसऱ्या दिवशी सापडायचा.

मठ्ठ_मांजर
इथेही कुत्रा आहे, नोंद घ्यावी.

रोकडा
गोठलेली_गोदा, गोष्ट मस्त सांगितलीत, पण माझाच मुद्दा सिद्ध झाला. चित्र तेच, भिंत तीच, इतकी वर्षं लोक नक्कल बघून गहिवरले. मग ९०० चे दीड कोटी कशाचे? रंगांचे तर नव्हेतच. आणि रॉकवेलला त्याच्या काळात मोठे समीक्षक चित्रकार मानायलाही तयार नव्हते, तो स्वतः स्वतःला इलस्ट्रेटर म्हणवायचा. मेल्यावर भाव वधारला.

शून्य_शिल्लक
दीड कोटीवर थांबला नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्याचं १९५१ चं एक मुखपृष्ठ, स्टेशनजवळच्या खानावळीत आजी आणि नातू जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतायत आणि बाकीचे टकमक बघतायत ते, ४ कोटी ६० लाख डॉलरला गेलं. अंदाज दीड ते दोन कोटींचा होता. ते विकणारं कुटुंब म्हणजे त्याच साप्ताहिकाच्या कला संपादकाचे वारस. त्या काळात छापून झालं की मूळ चित्र ऑफिसात भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं आणि कोणीतरी घरी न्यायचं. तेच पुढे चार कोटी झालं.

बोरूबहाद्दर
"भिंतीला टेकवून ठेवलेलं" हे वाचून पोटात तुटलं.

एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलं होतं, नाव नको. अंक आला, पैसे (अर्धे) आले. मूळ चित्र मागायला म्हणून प्रेसमध्ये गेलो तर ते टेबलावर आडवं, त्यावर खळीचा डबा. डबा उचलला तर नायिकेच्या कपाळावर बशीएवढा गोल डाग. मालक म्हणाले, "अहो, छापून झालं की ते. आता काय करायचंय?" मनात वाईट भावना नव्हती त्यांच्या, त्यांना खरंच कळत नव्हतं मला ते कशाला हवंय. मलाही नीट सांगता आलं नाही. ते तसंच ठेवून आलो.

दलाल, मुळगावकर यांची किती मुखपृष्ठं अशी गेली असतील. फडणीसांनी आपली चित्रं जपली, 'हसरी गॅलरी' प्रदर्शनात मूळ कामं समोर बघायला मिळाली तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो माणूस पांढरा रंग किती कमी वापरतो.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं म्हणा. मॉर्ट वॉकर सांगायचा, सिंडिकेटच्या ऑफिसात छत गळत होतं तेव्हा पाणी टिपायला खाली 'क्रेझी कॅट' या जुन्या गाजलेल्या पट्टीची मूळ पानं पसरली होती. आज त्यातल्या एका पानासाठी लोक रांग लावतील. सुपरहिरोंची कॉमिक्स काढणाऱ्या जॅक कर्बीसारख्या माणसाला आपलीच पानं परत मिळवायला मार्व्हल या प्रकाशन कंपनीशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. १९८७ मध्ये दोनेक हजार पानं हातात पडली, काढलेली त्याच्या कितीतरी पट होती.

टिंबटिंब
धागा रंगलाय. कार्टूनबद्दल एवढं चाललंय आणि लिक्टेनस्टाइनचं नाव नाही? कॉमिक्समधल्या चौकटी छपाईच्या ठिपक्यांसकट मोठ्या कॅनव्हासवर रंगवणारा अमेरिकन चित्रकार. माझा आवडता माणूस, सदस्यनाम त्याच्या ठिपक्यांवरूनच घेतलंय. १९६१ चं त्याचं एक चित्र, दाराच्या भोकातून डोकावणारा माणूस म्हणतोय की खोलीत कोणी नाही, २०११ मध्ये क्रिस्टीजमध्ये ४ कोटी ३२ लाख डॉलरला गेलं. २०१५ मध्ये त्याची नर्स ९ कोटी ५४ लाखांना. कार्टूनला कलादालनात आणलं ते या माणसाने.

बोरूबहाद्दर
टिंबटिंब, तो डोकावणारा माणूस विल्यम ओव्हरगार्डने वर्तमानपत्रातल्या पट्टीत काढला होता. लंडनच्या टेट गॅलरीतलं त्याचं ते प्रसिद्ध विमानाच्या स्फोटाचं चित्र अर्व्ह नोविकच्या युद्धकथेतल्या चौकटीवरून. या दोघांची नावं चित्राखालच्या पाटीवर शोधून दाखव. कार्टून कलादालनात गेलं, कार्टून काढणारा बाहेरच राहिला.

टिंबटिंब
काका, आदर ठेवून असहमत. त्याने जशीच्या तशी नक्कल केली नाही. रेषा बदलल्या, माणसं काढून टाकली, आकार भिंतीएवढा केला. चौकट कथेतून बाहेर काढली की तिचा अर्थ बदलतो, ती करामत त्याची. ओव्हरगार्डची पट्टी लोकांनी दुसऱ्या दिवशी रद्दीत टाकली होती.

बोरूबहाद्दर
रद्दीत टाकली म्हणून ती त्याची राहत नाही?

कोकणी_कावळा
*पॉपकॉर्न घेऊन बसलो*

संपादक
चर्चा चांगली चाललीय, तशीच राहू दे.

शून्य_शिल्लक
दोघेही बरोबर आहात पण भांडण चुकीच्या ठिकाणी चाललंय. खरी गंमत अशी की ओव्हरगार्ड सोडा, लिक्टेनस्टाइनच्या वारसांनाही त्या ४ कोटींतला छदाम मिळत नाही. चित्र एकदा विकलं की पुढचा सगळा फायदा मालकाचा.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट स्कल नावाच्या टॅक्सी कंपनीच्या मालकाने आपला संग्रह लिलावात काढला. रॉशेनबर्ग या चित्रकाराचं एक चित्र त्याने १९५८ मध्ये ९०० डॉलरला घेतलं होतं (पुन्हा ९००! काय आकडा आहे), ते ८५,००० ला गेलं. रॉशेनबर्ग स्वतः तिथे हजर. लिलाव संपल्यावर त्याने स्कलला धक्का दिला आणि विचारलं की मी काय तुझा नफा करून द्यायला राबतोय का. स्कलचं म्हणणं असं की भाव वाढला की तुझी पुढची चित्रंही महाग जातील. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये चित्रकाराला पुनर्विक्रीत पाच टक्के देणारा कायदा केला, तोही कोर्टात जवळजवळ निकालात निघाला.

आणि आपल्याकडे? काका, तुम्हाला माहीत आहे का, कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. मूळ चित्र किंवा रेखाटन दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. अमेरिकेत नाही ते आपल्या पुस्तकात आहे.

बोरूबहाद्दर
पुस्तकात आहे, बरोबर. कपाळावर डाग पडलेल्या माझ्या त्या नायिकेचा शोध लागला की तुम्हाला वकीलपत्र देतो.

मधुमालती
फक्त कार्टून काय, चित्रांबद्दल पण बोला की. स्टॅमफर्डकरांनी दोन्हीबद्दल विचारलंय.

मी सँता फेला जॉर्जिया ओकीफ या चित्रकार बाईंचं संग्रहालय बघायला गेले होते. तिने १९३२ मध्ये काढलेलं एक पांढरं फूल, चार फुटांचा कॅनव्हास अख्खा भरलेला, २०१४ मध्ये सदबीजमध्ये ४ कोटी ४४ लाख डॉलरला विकलं गेलं. तोवर कुठल्याही स्त्री चित्रकाराच्या चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. विकलं याच संग्रहालयाने, पुढच्या खरेदीसाठी पैसे हवेत म्हणून. घेतलं वॉलमार्टच्या वारसदार बाईंनी, अर्कान्सामधल्या त्यांच्या संग्रहालयासाठी.

आणि फूल कुठलं? धोतरा! आपला उकिरड्यावरचा धोतरा. मी आईला फोनवर फोटो दाखवला. ती म्हणाली, "महादेवाला वाहतात ते ना? एवढं मोठं कशाला काढलं?" ओकीफचं उत्तर साधारण असं होतं की फुलाकडे बघायला कुणाला वेळ नसतो, म्हणून मोठं काढलं की धडकून तरी बघतील. आईला ते पटलं. "आणि हात धुतले असतील ना तिने?" असंही विचारलं.

आगाऊ_आजी
साडेचार कोटी डॉलरचा धोतरा. आमच्या मागच्या अंगणात दरवर्षी लाखोंचं नुकसान होतं म्हणायचं, उपटून टाकते मी.

कोकणी_कावळा
मधुमालती, अशा विक्रीवर तिकडे बोंब होत नाही का? संग्रहालयानेच चित्र विकायचं म्हणजे देवळाने मूर्ती विकल्यासारखं.

गोठलेली_गोदा
होते की. मॅसॅच्युसेट्समध्ये पिट्सफील्डच्या बर्कशायर म्युझियमने नूतनीकरणाला पैसे हवेत म्हणून रॉकवेलने स्वतः भेट दिलेलं न्हाव्याच्या दुकानाचं चित्र विकायला काढलं. गावकरी रस्त्यावर, रॉकवेलची मुलं कोर्टात. शेवटी २०१८ मध्ये ते जॉर्ज लुकसच्या संग्रहालयाला गेलं. फिलाडेल्फियात मात्र उलटं झालं होतं. टॉमस इकिन्सचं शस्त्रक्रियेचं प्रचंड चित्र एका वैद्यकीय विद्यापीठाने ६ कोटी ८० लाखांना बाहेर विकायचं ठरवलं, २००६ मध्ये, आणि शहराला ४५ दिवस दिले. गावाने वर्गणी, कर्ज, दुसरी चित्रं विकून, काय काय करून ते ठेवून घेतलं.

रोकडा
स्टॅमफर्डकर कुठे गायब? धागा काढला आणि पळाला.

वाचनमात्र
पाच वर्षं इथे नुसता वाचत होतो. आज राहवेना म्हणून पहिला प्रतिसाद.

बोली लावायची असेल तर कार्टूनच्या भावाचा एक साधा नियम लक्षात ठेवा : किती पानं बाजारात आहेत. शुल्ट्झने 'पीनट्स'च्या १७,८९७ पट्ट्या काढल्या आणि मूळ पानं वाचकांना वाटत सुटला, त्यामुळे ती निघत राहतात. तरी चांगल्या पट्टीला मोटारीएवढी किंमत येते. वॉटर्सनने 'कॅल्विन अँड हॉब्ज'ची जवळजवळ सगळी मूळ पानं स्वतःकडे ठेवली आणि ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कार्टून ग्रंथालयात नेऊन ठेवली. म्हणून २०१२ मध्ये त्याने एका सहकाऱ्याला भेट दिलेलं रविवारचं एक पान बाहेर आलं तेव्हा २ लाख ३ हजार डॉलर मोजले गेले. सुपरहिरोंचं तर विचारूच नका, स्पायडरमॅन काळ्या पोशाखात येतो ते १९८४ चं एक पान २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजारांना गेलं. ओकीफच्या धोत्र्याला नाक मुरडणारे आहेत तसे याला मुरडणारेही आहेत.

पण तुमचं एका चौकटीचं विनोदी चित्र आहे, त्यांचा बाजार वेगळा आणि लहान. त्यातला विक्रम सांगतो, कारण इथे सगळे टोपणनावाने लिहितायत. पीटर स्टायनरने १९९३ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये एक चित्र काढलं. संगणकासमोर बसलेला एक कुत्रा जमिनीवरच्या दुसऱ्याला सांगतोय की इंटरनेटवर आपण कुत्रा आहोत हे कुणाला कळत नाही. त्याचं मूळ चित्र २०२३ मध्ये १ लाख ७५ हजार डॉलरला गेलं. एका चौकटीच्या चित्राला तोवरची सर्वांत मोठी रक्कम.

मठ्ठ_मांजर
स्वागत! तुम्ही कुत्रे नाही याचा पुरावा सादर करा.

वाचनमात्र
भू.

टिंबटिंब
काका, दोन दिवस विचार केला. नोविकच्या मूळ चौकटीचा फोटो शोधून शेजारी ठेवून बघितला. मत बदललं नाही, लिक्टेनस्टाइनचं चित्र मोठंच आहे. पण पाटीवर नोविकचं नाव असायला हवं, ते मान्य.

बोरूबहाद्दर
एवढं पुरे. ये कधी पुण्यात, चहा पाजतो.

स्टॅमफर्डकर
पळालो नाही, लिलावाला गेलो होतो. सगळं सांगतो.

चाळीसेक खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. मागे कॉफी आणि डोनट फुकट. बोली लावणारे खरे लोक फोनवर आणि ऑनलाइन, खोलीत बसलेले बरेचसे वेळ घालवायला आलेले. लिलाव पुकारणारा इतका भरभर बोलतो की मी पहिली वीस मिनिटं हात मांडीखाली दाबून बसलो, खाजवायला वर गेला तर सोफा गळ्यात पडायचा.

गाई ३०० ला सुरू झाल्या. मी ३५० ला पाटी वर केली, आयुष्यात पहिल्यांदा, कानशिलं गरम. फोनवरच्या कोणीतरी ४००, ऑनलाइन ४५०, आणि मग ते दोघेच १,१०० पर्यंत भांडत गेले. त्यांना काहीतरी माहीत होतं किंवा दोघांनाही काही माहीत नव्हतं.

काका, त्याआधी तुम्ही सांगितलेलं सगळं केलं होतं. त्यांनी दिवा मारून दाखवला, आकाशात डावीकडे चारपाच गडद ठिपके आणि मधली गाय जवळजवळ सगळीच काळी. म्हणजे एक गाय नंतरची. ते १,१०० वाल्यांना माहीत असेलच.

कुत्र्याला १०० ला सुरुवात, एक बाई १५० पर्यंत आल्या, मी १६० म्हटलं आणि त्यांनी मान हलवली. हातोडा. शून्य_शिल्लक, तुमच्या हिशोबाने कमिशनसह २०० आणि कर धरून २१२.७०. बरोबर तेवढेच लागले. त्या बाई बाहेर पार्किंगमध्ये भेटल्या, म्हणाल्या की त्यांच्याकडे असाच कुत्रा होता, आणि फोटो काढून घेतला.

शून्य_शिल्लक
उरलेले २८७.३० कुठे?

स्टॅमफर्डकर
फ्रेमवाल्याकडे. आम्लविरहित कागद आणि काच मिळून त्याने ते संपवले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. रविवारी सकाळी चित्र खिडकीला धरलं. निळ्या रेषा आहेत. समासात लाल पेन्सिलीत आकडे आहेत. आणि काका, कुत्र्याचं डोकं चिकटवलेलं आहे! टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा वेगळा कागद, इतका नेमका कापलेला की कानाच्या रेषेवरून सांधा गेलाय. डावा कोपरा सुटू लागलाय, खाली तपकिरी गोंद. पाठीमागून उजेड आला की आतलं पहिलं डोकं दिसतं. वरचा कुत्रा मालकाकडे न बघता आपल्याकडे, बघणाऱ्याकडे बघतोय, शून्य चेहऱ्याने, 'बघताय ना?' अशा नजरेने. आतला कुत्रा मालकाकडे बघतोय, कान उभे, भुवया वर. त्याला अजून आशा आहे.

म्हणजे आधी आशेवरचा कुत्रा काढला होता. मग संपादक म्हणाला असेल किंवा याचं यालाच वाटलं असेल, आणि रात्री कधीतरी डोकं कापून नवं चिकटवलं. छापलेल्या अंकात हे कुणालाच दिसलं नसणार.

बायको म्हणतेय वरचं काढ, खालचा गोड आहे. फ्रेमवाला मंगळवारी घेऊन जाणार. काय करू?

गोठलेली_गोदा
काढू नका! भिंतीत लपवलेलं राहू दे.

रोकडा
मी काढला असता. पण मला आवडला तो, हे मान्य करतो. वरचा.

बोरूबहाद्दर
हात लावू नकोस. सुटलेला कोपरा गव्हाच्या खळीने टेकव, बाजारातला गोंद नको, फ्रेमवाल्याला तसं बजावून सांग. आणि पाठ बंद करायच्या आधी खिडकीला धरून त्या आतल्या डोक्याचा एक फोटो काढून इथे टाक. मला त्या भुवया बघायच्यात.

आगाऊ_आजी
आणि त्याला फिरवून आणलं का शेवटी कुणी?